मठपती बाईंचा पहिला संगणक

मठपती बाईंच्या संगणकावर मी नारळ फोडला.

संगणकासमोर नाही, संगणकाशेजारी नाही, संगणकावर. एका घावात. नारळाची दोन सरळ भकलं झाली, पाणी जिथं जायला नको तिथं सगळं गेलं आणि मांडवातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझा मला राग आहेच, पण त्या टाळ्यांचा जास्त आहे. आपल्याकडं लोक कशालाही टाळ्या वाजवतात.

आता मराठीचा मास्तर नारळ का फोडत होता, हे सांगायला हवं. नळदुर्गच्या आमच्या शाळेची वहिवाटच अशी, की पाहुण्यांनी नारळाला नुसता हात लावायचा आणि फोडायचा मी. फार पूर्वी एका पाहुण्यांनी नारळाऐवजी स्वतःचा अंगठा फोडून घेतला, तेव्हापासून हे खातं माझ्याकडं आलं. मी एका घावात फोडायचो. माझे जुने विद्यार्थी आज रस्त्यात भेटतात तेव्हा त्यांना माझं व्याकरण आठवत नाही, कविता आठवत नाही, म्हणतात, "सर, काय नारळ फोडायचे तुम्ही!" हयातभर शिकवून मिळवलं काय, तर हे. आणि मी गाढव त्यावर खूश होतो.

असो. नारळाचं पुराण पुढं येईलच. सांगायचंय ते बाईंचं.

मठपती बाई आमच्याकडं विज्ञान आणि गणित शिकवायच्या. माझ्याहून वयानं मोठ्या, अंगानं काटकुळ्या, कपाळावर विभूतीचा पट्टा आणि अंबाड्यात आकड्यांच्या जोडीला खोचलेला एक बारीक स्क्रू-ड्रायव्हर. नवीन आलेल्या शिपायाला तो दागिना वाटायचा. पंखा अडला, घंटेचं बटण रुसलं, की शिकवता शिकवताच बाईंचा हात अंबाड्याकडं जायचा. घरात त्या कन्नड बोलायच्या, शाळेत मराठी, त्यामुळं त्यांच्या रागाची पातळी आम्हाला भाषेवरून कळायची. मराठीत बोलताहेत तोवर काळजी नाही. "साकु, साकु!" असं कन्नडमधलं 'पुरे, पुरे' सुरू झालं, की शहाण्यानं खोली सोडावी. आणि बाई गप्प बसल्या तर गाव सोडावं.

त्या रागावल्या नाहीत असा दिवस मला आठवत नाही. आमच्या जिल्ह्याचा निम्मा कारभार "चालतंय की" या दोन शब्दांवर चालतो. नळ गळतोय? चालतंय की. फळ्यावरचं गणित चुकलंय? चालतंय की. बाई चालू द्यायच्या नाहीत. "कुणाचं चालतंय? नाव सांगा," म्हणून समोरच्याला धरायच्या. हे 'नाव सांगा' ऐकून शिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसातले कारकून जेवायच्या सुट्टीआधीच जेवायला जायचे.

निवृत्तीनंतरची गोष्ट. कसल्याशा दाखल्यासाठी त्या एका सरकारी खिडकीवर गेल्या होत्या, मी सोबत. खिडकीतला पोरगा मान वर न करता म्हणाला, "मावशी, नवऱ्याचं नाव?"

"लग्न केलं न्हाय."

"मग अडचण हाय. ते टाकल्याबिगर सिस्टीम पुढं जात न्हाय."

"सिस्टीमला बाहेर बोलव."

"आं?"

"बोलव की. मला तिला एक विचारायचंय."

मागं रांग वाढत होती. भांडण दिसलं की मधे शिरून 'जाऊ द्या' म्हणायचं आणि दोन्ही बाजूंनी खायचं, ही माझी जुनी खोड. मी म्हणालो, "बाई, जाऊ द्या, काहीतरी टाकू द्या त्याला."

बाई वळल्या. "काहीतरी म्हंजे? तुमचं टाकू का, जाधव सर?"

सगळी रांग हसली. मी खांबाआड गेलो. बाई त्या पोराकडं वळून अगदी मायेनं म्हणाल्या, "हे बघ बाळ, यंत्राला नवऱ्याची गरज नसती. हा रकाना कुठल्यातरी माणसानं घातलाय. त्यानं घालताना डोळे मिटले होते. त्याचं नाव सांग, मी त्याच्याशी बोलते."

नाव काही मिळालं नाही. पण बाई तिथून हलल्या नाहीत. शेवटी आतून साहेब आला, कुठंतरी फोन झाला आणि सिस्टीम नवऱ्याशिवाय पुढं गेली. पायऱ्या उतरताना बाई धुसफुसत होत्या. "यंत्राच्या आड लपत्यात भाडखाऊ." बाईंच्या तोंडून मी ऐकलेली ती एकमेव शिवी, आणि ती यंत्राच्या बाजूनं होती.

यंत्राची बाजू त्यांनी फार आधीच घेतली होती. आमच्या शाळेत संगणक आला तेव्हा गावात फोन असलेली घरं लोक बोट करून दाखवायचे. कुठल्याशा सरकारी योजनेतून काही शाळांना मिळाले, त्यात आमचा नंबर लागला. बहुधा कुणाच्या तरी चुकीनं. फिकट रंगाचा चपटा डबा, काळ्या कळा, वरती केशरी कळांची एक ओळ आणि टीव्हीसारखा वेगळा पडदा. त्या वेळच्या मुख्याध्यापकांनी तो स्वतःच्या खोलीत स्थापन केला. वर मखमली कापड, कापडावर रोज ताजं जास्वंद, पडद्याला कुंकवाचं बोट. चपला बाहेर. सुरू मात्र करायचा नाही. सुरू केला तर बिघडेल.

इकडं बाईंनी नववीच्या मुलींकडून पुठ्ठ्यावर कळा काढून घेतल्या. पोरी पुठ्ठ्यावर बोटं आपटायच्या, आणि काय उत्तर आलं असतं ते बाई फळ्यावर लिहायच्या. म्हणजे संगणक बाईच. असं बरेच दिवस चाललं, आणि एके सकाळी अख्खा वर्ग घेऊन त्या मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरल्या. कापड ओढलं. जास्वंद उचलून साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

"बाई, बिघडंल की ओ!"

"वापरून बिघडू द्या. वापरून बिघडलेलं मला दुरुस्त करता येतं. पूजा करून बिघडलेलं न्हाय येत."

बटण दाबलं. आधी एक जाडसर 'बूं' आणि त्यामागून बारीक 'बीप'. मुख्याध्यापक खुर्चीतून उठून ताठ उभे राहिले, राष्ट्रगीताला राहतात तसे. त्या दिवसापासून त्या खोलीत तास भरू लागला आणि मुख्याध्यापक व्हरांड्यात बसू लागले.

त्या पोरींत एक शहनाज होती. किल्ल्याच्या अंगाला घर. पावसाळ्यात आमच्या किल्ल्यात पाणीमहालावरून दोन धारा पडतात, एक नर, एक मादी. लांबलांबून लोक बघायला येतात. शहनाजनं त्या पडद्यावर पाडल्या. निळे ठिपके वरून सुटायचे आणि खाली येऊन फुटायचे. तिला कुणी सांगितलं नव्हतं, पुस्तकात नव्हतं. त्या यंत्राला स्वतःची आठवण नसायची, म्हणून बाईंनी तिचा प्रोग्रॅम साध्या गाण्याच्या कॅसेटवर उतरवून ठेवला.

बाई निवृत्त झाल्या आणि त्यांच्यामागून संगणक भंगाराच्या टेम्पोत चढला. पुढं संस्थेनं नवे संगणक घेतले, खोलीला फरशा बसवल्या आणि दाराशेजारी संगमरवरी पाटी लावली. 'संस्थेतील पहिला संगणक कक्ष.' खाली अध्यक्षांचं नाव, त्याखाली अध्यक्षांच्या वडिलांचं नाव. या सद्गृहस्थांनी आयुष्यात दाबलेली एकमेव कळ म्हणजे दारावरची घंटी. त्याखाली साल. साल असं, की तोवर शहनाजची थोरली लेक लग्नाला आली होती.

बाई पाटीपुढं उभ्या राहिल्या. "पहिला?" एवढंच म्हणाल्या आणि गप्प बसल्या. गाव सोडायचं ठरवायला मला तेवढं पुरेसं होतं, पण त्यांनी मला दंडाला धरून अध्यक्षांच्या बंगल्यावर नेलं.

अध्यक्ष हसले. सगळ्यांत संतापजनक ते हसणं. "ते डबडं व्हय? त्याला काय संगणक म्हणायचं, बाई? पोरी खेळत असतील गेम-बिम. फोटो हाय? कागद हाय?"

फोटो नव्हता. कागद शाळेच्या त्याच भंगारात गेले होते. उरली होती ती शहनाजची कॅसेट, पण ती चढवायला यंत्रच नव्हतं. मी माझ्या सवयीनं हसून वेळ मारून नेली, म्हणजे अध्यक्षांच्या बाजूनं हसलो. बाईंनी माझ्याकडं पाहिलं ते अजून टोचतं.

"पुरावा आणा, पाटी बदलतो," अध्यक्ष म्हणाले. "शब्द देतो."

"आणते," बाई म्हणाल्या. "पुरावा न्हाय, तो संगणकच आणते."

आता भंगारात वितळून गेलेलं यंत्र कुठून आणणार? सोलापूरला राहणारा बाईंचा भाचा इंजिनिअर. तो आला तेव्हा मी तिथंच शेंगापोळी खात होतो. म्हणाला, "मावशी, लॅपटॉपवर त्याची नक्कल फुकट मिळती. एक बटण दाबा, तसाच पडदा दिसतो."

"नक्कल म्हंजे बहुरूपी," बाई कडाडल्या. "फौजदाराचा वेश घालून दारात येतो. त्याची बेडी खरी असती का? उद्या तो अध्यक्ष म्हणंल, लॅपटॉपचा खेळ दाखवला. साकु!"

मग त्यांनी माझ्यापुढं तळहाताएवढी एक हिरवी पट्टी ठेवली. मधोमध काळी चौकोनी चिप. "ही माती. नुसती माती. आत हजारो कोरे जोड आहेत. कुठला जोड कुठल्याला जुळवायचा ते आपण लिहून द्यायचं. मडकं लिहा, मडकं होतं. सोंग न्हाय, त्यात पाणी राहतं. मोडा, पणती लिहा, पणती होती. हिला मी आपला संगणक लिहिणार हाय."

मला काही कळलं नव्हतं. काही न कळता प्रश्न विचारायची हौस मात्र होती. म्हणालो, "यात व्हॉट्सॲप येईल का?"

शेंगापोळीची ताटली माझ्यापुढून उचलली गेली.

पुढं कित्येक महिने बाईंच्या ओट्यावर एका बाजूला कढई आणि एका बाजूला सोल्डरची तापलेली सळई. फोडणी आणि राळेचा धूर एकत्र. जुन्या यंत्राच्या आतल्या प्रत्येक भागाचं काम त्या शोधून काढायच्या आणि त्या चिपसाठी लिहायच्या. दूर देशीचा कुणी म्हातारा असाच उद्योग करायचा. त्याच्याशी घरच्या संगणकावरून इंग्रजीत भांडण. "हे असंच चालायचं असं कोण म्हणतं? नाव सांगा," हे इंग्रजीतही तितकंच झोंबत असावं, कारण तो शेवटी शरण आला आणि दिवाळीला शुभेच्छा पाठवू लागला.

"यातल्या ओळी एकामागं एक चालत न्हाईत," एकदा त्या मला समजावत होत्या. "सगळ्या एकाच वेळी चालतात."

"म्हणजे आपल्या स्टाफरूमसारखं. सगळे एकदम बोलतात."

बाई चक्क हसल्या. "व्हय. फक्त इथं हलगी हाय. लेझमीत हलगी पडली की सगळी पोरं एकदम पाऊल टाकतात का न्हाय? तसा ठोका. ठोका चुकला, की मग तुमची स्टाफरूम."

माझ्या कुठल्याही विनोदावर त्या हसल्याची ही एकच नोंद. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, विनोद त्यांनीच पुरा केला.

कळा मोडक्या कळफलकाच्या, वरची ओळ केशरी नेलपॉलिशनं रंगवलेली. डबा सागवानी, सुतारानं तो इतका दणकट केला की चौरंग वाटावा. हे वाक्य लक्षात ठेवा. टेपरेकॉर्डर शहनाजनं दिला. ती आता हायवेवरच्या ढाब्याच्या गल्ल्यावर बसते, आणि ट्रक ड्रायव्हर तिला वचकून असतात. कॅसेटचं ऐकून म्हणाली, "म्याडम, ते अजून हाय तुमच्याकडं?" आणि गिऱ्हाईकाला सुटे द्यायचे विसरली.

यंत्र उठलं. 'बीप' वाजलं. त्याआधीचा 'बूं' मात्र वाजेना.

मी म्हणालो, "चालतंय की."

हे मी म्हणालो. बाईंच्या घरात, बाईंच्या तोंडावर. मला दार दाखवण्यात आलं आणि मी बरेच दिवस त्या गल्लीतून जायचं टाळलं. मग एका दुपारी फोन वाजला. पलीकडून कुणी बोलेना. थोड्या वेळानं ऐकू आलं: "बूं… बीप." आणि फोन बंद. मी ताठ उभा राहिलो होतो, हे माझं मला नंतर कळलं.

शाळेचा मोठा वर्धापनदिन ठरला. मांडव, पाहुणे, अध्यक्ष. मी निवृत्त झालो होतो, तरी सूत्रसंचालन आणि नारळ माझ्याकडंच. मीच अध्यक्षांच्या मागं लागून बाईंना थोडा वेळ मिळवून दिला होता आणि त्याबद्दल स्वतःवर खूश होतो. मी स्वतःवर खूश असलो की काहीतरी फुटतं.

बाईंनी यंत्र व्यासपीठावरच्या टेबलावर ठेवलं, सुरू केलं, शहनाजच्या धारा कॅसेटवरून चढवल्या आणि पडदा आणि डबा दोन्हींवर कापड टाकलं. कापड काढलं की पाणी पडताना दिसावं, असा बेत. शिपायानं फोडायचा दगड रुमालाखाली झाकून टेबलाच्या पायाशी ठेवला होता. तो खाली, यंत्र वर. एका हातात माईक, एका हातात पाहुण्यांचा हात लागलेला नारळ, तोंडात मीच रचलेली चारोळी, नजर पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांकडं. समोर झाकलेलं, चपटं, चौरंगासारखं दणकट काहीतरी. मी चारोळीच्या शेवटच्या यमकावर घाव घातला.

पुढचं सांगितलंच आहे. सागवान तडकलं, पाणी आत, एक 'चर्र', आणि कापडाखालचा निळा उजेड गेला. टाळ्या थांबेपर्यंत मला वाटत होतं, घाव छान बसला.

अध्यक्षांनी माझ्या हातातला माईक घेतला. "बघा मंडळी! म्हणूनच आम्ही नवे संगणक आणले." मांडव हसला. खदाखदा हसला. मी चाळीस वर्षं ज्यांना वाचायला शिकवलं ती माणसं हसत होती.

बाई पदरानं कळा पुसत होत्या. त्यांनी वर पाहिलं. माईक नव्हता, लागला नाही.

"नारळ ह्या बावळटानं फोडला. पण पाटी तुमी लावलीत. त्याची चूक पाण्याची हाय, वाळंल. तुमची दगडात हाय."

आणि यंत्र काखेत मारून त्या मांडवातून चालत गेल्या. मागून वायर फरफटत होती. ती उचलून धरायचंही मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दारात गेलो. काय बोलायचं ते पाठ केलं होतं, अलंकारिक होतं. पहिल्याच उपमेला बाईंनी हातात कापसाचा बोळा आणि स्पिरिटची बाटली दिली. "रडू नका. कळा काढा. एकेक पुसा. आन् इतक्या वर्षांनी मला कळलं, तुमी बघता कुठं अन् मारता कुठं."

"बाई, सगळं गेलं की हो."

"काय गेलं? माती गेली. घडण कुठं गेली?" त्यांनी घरच्या संगणकाकडं बोट केलं. "लिहिलेलं सगळं इथं हाय. दुसरी पट्टी आली की पुन्हा तेच मडकं."

ती आली. डोळ्यांदेखत बाईंनी कोऱ्या चिपमध्ये सगळं लिहिलेलं ओतलं. बूं. बीप. मी पुन्हा उभा राहिलो. या वेळी बाईंनी पाहिलं.

नंतर मांडव नाही, पाहुणे नाहीत. शाळेचा साधा वार होता. बाईंनी व्हरांड्यात, बरोबर त्या पाटीखाली, बाक टाकून यंत्र मांडलं. शहनाज ढाब्यावरून आली, माकणीला दिलेली तिची एक वर्गमैत्रीण एस.टी.नं आली. मधल्या सुट्टीतली पोरं जमली. गर्दीचं कळल्यावर अध्यक्षही आले. गर्दी आणि अध्यक्ष एकमेकांशिवाय राहू शकत नाहीत. मला यंत्रापासून लांब, नळाजवळ उभं करण्यात आलं होतं.

प्रोग्रॅम चढेपर्यंत कॅसेट किंचाळत राहिली. पोरांनी कानावर हात ठेवले. मग पडदा काळा झाला, आणि वरून निळे ठिपके सुटले. दोन धारा. खाली येऊन फुटत होत्या. एक पोरगं म्हणालं, "नर-मादी!" कुणी सांगितलं नव्हतं त्याला.

अध्यक्ष म्हणाले, "छान, छान. पण हे आत्ता कुणीबी इंजिनिअरनं करून दिलं असंल की, बाई."

त्या क्षणी नळाजवळून मी धावत जाऊन त्यांना काय केलं असतं, सांगता येत नाही. बहुधा 'जाऊ द्या' म्हणालो असतो. पण शहनाज पडद्याकडं बघत होती. अध्यक्षांचं तिला ऐकूच गेलं नव्हतं.

"म्याडम, मादीची एक रांग खाली पडंना. मधेच अडकतीय."

"तवाच सांगितलं होतं तुला," बाई म्हणाल्या. "तू म्हणालीस, चालतंय की."

शहनाजनं ढाब्यावरचा मळका ॲप्रन तसाच ठेवून बाकावर बसकण मारली. बोटं कळांवर ठेवली. ती बोटं पुठ्ठ्यावर शिकलेली होती. थोडी घुटमळली, मग चालायला लागली. तिनं पाणी थांबवलं. पडद्यावर ओळी आल्या. ती ओठ हलवत एकेक वाचत गेली. एका ओळीवर थांबली, जीभ चावली, "या अल्ला, इथं," म्हणाली, आणि शाळकरी असताना केलेली चूक तिथल्या तिथं दुरुस्त केली. पुन्हा सुरू केलं. मादी खालपर्यंत आली.

शहनाज उठली आणि अध्यक्षांकडं वळली. "साहेब, कंचा इंजिनिअर? नाव सांगा."

सगळी पोरं अध्यक्षांच्या तोंडाकडं बघू लागली. अध्यक्ष संगमरवराबद्दल काहीतरी बोलले, आता एवढी पाटी बदलायची म्हणजे, वगैरे.

"बदलू नका," बाई म्हणाल्या. "एक शब्द खोडा. शब्द दिलाय तुमी."

पोरांच्या देखत नाही म्हणता येईना. पाथरवट आला आणि छिन्नीनं 'पहिला' खरवडून गेला. अध्यक्षांच्या वडिलांचं नाव अजून आहे. त्याचा मला राग येतो. पण पाटी आता 'संस्थेतील', मग एक खडबडीत खड्डा, आणि मग 'संगणक कक्ष' अशी आहे. येता-जाता पोरं त्या खड्ड्यात बोट घालतात.

यंत्र बाईंनी शाळेलाच दिलं. अट एकच: वर कापड घालायचं नाही.

बाईंची नजर उतरत गेली, सोल्डरचा ठिपका दिसेना, तेव्हा भाच्यानं त्यांना सोलापूरला न्यायचं ठरवलं. निघायच्या सकाळी हायवेवर ढाब्यासमोर भाड्याची गाडी उभी होती. बाई मागच्या सीटवर. अंबाड्यात स्क्रू-ड्रायव्हर, मांडीवर कागदात गुंडाळलेली एक नवी हिरवी पट्टी.

"हिच्यात काय लिहिणार?" मी खिडकीतून विचारलं.

"कोरी हाय अजून. बघू." त्यांनी पट्टीवरून बोट फिरवलं, आता त्या बोटानंच बघायच्या. "डोळ्यांचं काम शहनाज करणार हाय, दर शुक्रवारी येणार ती सोलापूरला. आन् जाधव सर, तुमी शाळेत जाऊन बघत जा, कुणी त्यावर फूल-बिल ठेवतंय का."

मी मान डोलावली. मग रीतीप्रमाणे, प्रवास सुखाचा व्हावा म्हणून, पिशवीतला नारळ काढला आणि गाडीच्या पुढच्या चाकाकडं निघालो. ड्रायव्हर तंबाखू मळत उभा होता. आमची ओळख नव्हती. त्यानं नारळाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि आडवा हात केला.

"नारळवाले सर तुमीच व्हय? मग गाडीपासनं जरा लांब हुबं ऱ्हावा."